कॉलेज बदललं आणि नव्वदचे साठ झाले

नव्या कॉलेजचं पत्र वाचलं आणि हातपायच गळाले. जुन्या कॉलेजात दोन वर्षं रात्रीचा दिवस करून मिळवलेले ९० क्रेडिट (विषय पुरा केला की मिळणारे, पदवीसाठी मोजले जाणारे एकक), आणि पत्रात मान्य केलेला आकडा ६०. एक अख्खं वर्ष पाण्यात गेलं असं वाटून मी ते पत्र दोन दिवस घरात कुणाला दाखवलंच नाही.

तिसऱ्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसमधल्या बाईंनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. माझं जुनं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे वर्षाला तीन टर्म. नवं सेमिस्टरचं, दोन टर्म. क्वार्टरचे ३ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचे २. तिकडे पदवीला १८० लागत होते, इकडे १२०. म्हणजे मी होते तिथेच होते, बरोबर अर्ध्या वाटेवर. पत्रात हे एक वाक्य असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

खरं नुकसान दुसऱ्या पानावर होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. संख्याशास्त्र आणि डिस्क्रीट मॅथ्स या दोन विषयांपुढे ‘मान्य’ होतं, पण शेजारच्या रकान्यात ‘ऐच्छिक’. क्रेडिट घेतले, पण सक्तीच्या विषयांत धरले नाहीत. ऐच्छिक विषयांची माझी जागा आधीच भरलेली होती, म्हणजे हे दोन्ही विषय पुन्हा करायचे आणि जुने क्रेडिट नुसते कागदावर राहणार. कॉलेज बदलणाऱ्या प्रत्येकानं ‘किती क्रेडिट घेणार?’ यापेक्षा ‘कुठे धरणार?’ हे आधी विचारावं, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

अमेरिकेतल्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या (तिथल्या संसदेसाठी सरकारी कामकाज तपासणाऱ्या संस्थेच्या) २०१७ च्या अहवालात आहे की तिथे २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाया गेले. तो आकडा वाचल्यावर मला माझं दुसरं पानच आठवलं.

संख्याशास्त्राचा निर्णय विभागानं विषयाचं नाव आणि माहितीपुस्तिकेतल्या दोन ओळी बघून घेतला होता. त्या दोन ओळींत रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध शोधायची पद्धत) नव्हतं, दर आठवड्याची कॉम्प्युटर लॅब नव्हती. हे सगळं होतं सरांनी टर्मच्या सुरुवातीला दिलेल्या हँडआउटमध्ये: कुठल्या आठवड्यात काय, पुस्तक कोणतं, लॅबचे तास किती. ते हँडआउट जुन्या कॉलेजच्या पोर्टलवर होतं आणि कॉलेज सोडल्यावर माझं लॉगिन बंद झालं होतं.

सरांना मेल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेमकं आमच्या टर्मचं हँडआउट पाठवलं, वर परीक्षेचे पेपरही. मी त्याला माझे लॅबचे रिपोर्ट जोडले आणि फेरविचाराचा अर्ज दिला. तीन आठवड्यांनी संख्याशास्त्र सक्तीच्या रकान्यात गेलं. तरी एक बारीकसा काटा राहिलाच: माझे ५ क्वार्टर क्रेडिट इकडे ३.३३ झाले आणि त्यांचा विषय ४ चा. विषय सुटला, एकूण बेरीज ०.६७ नं कमी. पुढे १ क्रेडिटचं सेमिनार घेऊन ती भरून काढली.

डिस्क्रीट मॅथ्स मात्र मिळालं नाही. विभागप्रमुख मॅडमनी मला समोर बसवून दोन्ही अभ्यासक्रम ओळीनं दाखवले. आमच्याकडे सिद्धता लिहायला शिकवलंच नव्हतं, आणि इथला निम्मा विषय त्यावरच उभा. त्यांचं बरोबर होतं. मी तो विषय पुन्हा केला आणि पुढच्या अल्गोरिदमच्या विषयात त्याचा पदोपदी उपयोग झाला.

ग्रेड मात्र इकडे आल्या नाहीत. क्रेडिट आले, सरासरी शून्यापासून सुरू झाली. पहिल्या वर्षाच्या त्या चांगल्या ग्रेडसाठी मी खूप जागले होते, त्यामुळे वाईट वाटलं.

माझी मामेबहीण पुढच्या टर्मला कॉलेज बदलतेय. परवा रात्री आम्ही दोघींनी बसून, तिचं लॉगिन चालू आहे तोवर, अकरा विषयांची हँडआउट उतरवून घेतली. दोन विषयांची पोर्टलवर नव्हतीच. त्या सरांना काल मेल गेलाय.