आधी धूर, मग लॅपटॉप

घोडेगावच्या अलीकडे कांद्याच्या ट्रकला ओव्हरटेक करायला तिसरा गिअर टाकला, पाय पार खाली दाबला आणि साडेतीन हजार आरपीएमला गाडी अशी थबकली, जणू मागून कुणी दोरी ओढली. बंद पडली नाही, मिसिंगही मारलं नाही. नुसती ओढच गेली. समोरून एसटी येत होती. मुकाट्याने पुन्हा ट्रकच्या मागे आलो आणि नगरपर्यंत कांद्याचा वास घेत गेलो. 2024 चा मे महिना. दोनच आठवड्यांपूर्वी बावीस हजार मोजून गाडी 'स्टेज टू', म्हणजे तिच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून जास्त ताकदीची, करून घेतली होती.

गाडी म्हणजे 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस. 1.8 लिटर, सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, टर्बो, कंपनीचे 150 हॉर्सपॉवर. युरोपात हीच आरएस 180 ची मिळायची हे कळल्यापासून आपल्या ताटात तीस कमी वाढले ही बोच मनात होती. आमच्याकडे, एमएच-20 मध्ये, म्हणजे संभाजीनगरात, या गाडीचं प्रस्थ वेगळंच, कारण ती शेंद्र्यात जोडली जायची. मी वाळूजला छोटी टूलरूम चालवतो. आमचा जुना फिटर अजूनही तिला 'आपल्या गावची' म्हणतो आणि बॉनेट उघडलं की हातातलं काम सोडून येतो.

घेतल्यापासून मी तिच्यात एकेक करत गेलो. मोठा डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप (आत धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट आहे, तो काढला नाही आणि काढणारही नाही). पुढच्या चाकापुढे कोपऱ्यात असलेल्या तळहाताएवढ्या इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) जागी बंपरमागे रुंद इंटरकूलर. आणि तेल लावायचा तो कापडी एअर फिल्टर, सात हजारांचा, ज्याबद्दल पुढे येईलच. कायद्याने यातलं बरंच बसत नाही. कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून फारकत घेतली की मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आडवं येतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला ते माहीत आहे. बायकोलाही माहीत आहे, आणि ती ते योग्य वेळी काढते.

पहिलं दुकान जांभळ्या दिव्यांचं होतं. भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा डायनो, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावरचा आलेख. मालकाने विचारलं, "शेठ, किती हॉर्सपॉवर पाहिजे?" मी म्हणालो, "दोनशे." त्याने लॅपटॉप लावला, ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) नंबर कुणाला तरी पाठवला, मेलवर फाइल आली, ती भरली. माझा चहा संपायच्या आत काम झालं. त्याने बॉनेट उघडलं नव्हतं, हे मला घोडेगावला आठवलं.

घरी आल्यावर व्हीसीडीएसची, म्हणजे ईसीयूतले आकडे लॅपटॉपवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, केबल घेतली. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत डोकवायला याहून सोयीचं काही नाही. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून साडेसहा हजारांपर्यंत सरळ ओढायचं आणि आकडे साठवायचे, हाच लॉग. रात्री अकराला, रिकाम्या एमआयडीसी रोडवर, शेजारी फिटर मांडीवर लॅपटॉप घेऊन. तिसरा ब्लॉक (ईसीयूच्या आकड्यांचा एक गट) उघडला: माझा पाय पूर्ण खाली, थ्रॉटल (हवेची झडप) अडतीस टक्के. मी पूर्ण दाबतोय आणि गाडी अर्ध्याहून कमी उघडतेय. विसाव्या ब्लॉकमध्ये चार सिलिंडरांचे चार आकडे असतात, नॉकिंगमुळे (पेट्रोल आपोआप, अवेळी पेटल्यामुळे) ठिणगीचं टायमिंग किती अंश मागे घेतलं त्याचे. मधल्या दोघांत नऊ-नऊ. दोन-तीन अंश चालतात. नऊ म्हणजे इंजिन हात जोडतंय.

या बॉश मोट्रॉनिक एमई 7.5 ईसीयूचा स्वभाव सरकारी आहे. पाय दाबला की थ्रॉटल उघडला, असं नसतं. आधी अर्ज जातो. पायावरून टॉर्क किती मागितला ते ठरतं, टॉर्कवरून हवा किती लागेल ते, आणि हवेवरून टर्बोने बूस्ट (हवेचा दाब) किती द्यायचा ते. पलीकडच्या टेबलावर दुसरा कारकून बसलेला असतो. तो आत आलेल्या हवेवरून उलटा टॉर्क काढतो आणि मंजुरीशी ताडून बघतो. जास्त भरला की थ्रॉटल मिटतो. माझ्या विकतच्या फाइलीत हवेची मर्यादा वाढवली होती (ट्यूनर लोक त्या तक्त्याला एलडीआरएक्सएन म्हणतात), पण टॉर्कचा तक्ता, केएफएमआयओपी, जुनाच ठेवला होता. एका टेबलावर मंजुरी, दुसऱ्यावर हरकत. अर्ज घोडेगावला अडकला.

दुसऱ्या दुकानाबद्दल फार लिहित नाही. डायनो होता, माणूस गोड बोलायचा, पेट्रोलला दोष दिला आणि स्वतःची फाइल पस्तीस हजारांना सांगितली, कुलूप लावलेली. म्हणजे उद्या साधा फ्युएल पंप बदलला तरी त्याच्याच दारात जायचं. मी म्हणालो, आधी कंपनीची मूळ फाइल परत भरून द्या, मग बघू. तेव्हा कळलं की पहिल्याने मूळ फाइल वाचून ठेवलीच नव्हती. थेट वरून भरली होती. आमच्या टूलरूममध्ये ड्रॉइंगची मूळ प्रत न ठेवता कुणी डाय घासायला घेतली तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवीन.

तिसरा भोसरीतला. तिशीचा पोरगा, पत्र्याच्या शेडमध्ये दोन लिफ्ट, भाड्याने मिळणारा डायनो जवळच. फोनवर त्याचा पहिला प्रश्न: "दादा, लॉग आहेत का?" पाठवले. तासाभराने त्याचा फोन: "बत्तीस नंबरचा ब्लॉक पाठवा, गाडी गरम असताना." त्यात दोन आकडे होते, पाच टक्के आणि चौदा टक्के. त्याने ते मला भविष्य सांगितल्यासारखे सांगितले. पहिला आकडा आयडलचा. तो वाढलाय म्हणजे मॅफ सेन्सरला (आत येणारी हवा मोजणाऱ्याला) न सांगता कुठून तरी हवा आत शिरतेय. दुसरा चालत्या गाडीचा. तो वाढलाय म्हणजे मॅफ हवा कमी मोजतोय आणि ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं बघून पेट्रोल वाढवून भरपाई करतोय. "यावर कुणीही मॅप (ईसीयूतले तक्ते) केला तरी तो खोट्या आकड्यांवर केलेला मॅप असणार. गाडी घेऊन या, पण लगेच फाइल मिळेल असं समजू नका."

गेलो. त्याने आधी डायनोवर आहे तशी ओढली: चाकावर 109 हॉर्सपॉवर. मग शेडमध्ये आणून टर्बोच्या इनलेटला बूच लावलं आणि स्मोक मशीनने आत धूर भरला. दोन मिनिटांत इनटेक मॅनिफोल्डच्या खालून बारीक धार निघाली, उदबत्तीसारखी. पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत आत नेणारा) होज, वीस वर्षांच्या उष्णतेने कडक होऊन चिरलेला. हात घालायला जागा नाही, आरसा धरून दिसतो. मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय उचलला की टर्बोचा जादा दाब सोडणारा) काढला, आतला पडदा फाटलेला. शेवटी त्याने मॅफ काढून उजेडात धरला. सेन्सरच्या नाजूक पट्टीवर तेलाचा थर. माझ्या सात हजारांच्या फिल्टरचं तेल. मी त्याला दर सहा महिन्यांनी प्रेमाने तेल पाजत होतो. पोरगा काही बोलला नाही. कंपनीच्या कागदी फिल्टरचा खोका काढून माझ्यासमोर ठेवला, एवढंच.

मूळ फाइलीचा प्रश्न त्याने चिकाटीने सोडवला. ईसीयूवरचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळवून त्याच्या संग्रहातल्या तशाच एका गाडीची फाइल काढली. मला धास्ती होती की गाडी चावीच ओळखणार नाही. तो म्हणाला, इमोबिलायझरची माहिती वेगळ्या छोट्या चिपमध्ये असते, तिला आपण हात लावत नाही. फाइल भरली, चेकसम (फाइल शाबूत असल्याची बेरीज) जुळला, गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू. आणि खरंच, त्या दिवशी ट्यूनिंग केलं नाही. "पाचशे किलोमीटर चालवा, मग या."

पाचशे किलोमीटरनंतर बत्तीसच्या ब्लॉकमध्ये एक टक्का आणि दोन टक्के. त्याच डायनोवर चाकावर 124. फाइल कंपनीची, खर्च एक होज, एक व्हॉल्व्ह, एक मॅफ आणि कागदी फिल्टर. 'त्याच डायनोवर' हे महत्त्वाचं आहे. दोन दुकानांच्या डायनोचे आकडे शेजारी ठेवून भांडणारे लोक बघितले की मला दोन कारागिरांची दोन व्हर्नियर आठवतात. मला स्वतःला लॉगमधला मॅफचा आकडा जास्त पटतो: सेकंदाला किती ग्रॅम हवा, त्याला 0.8 ने भागलं की इंजिनचे ढोबळ हॉर्सपॉवर. माझे 121 ग्रॅम, म्हणजे 151. मॅफ निरोगी असेल तरच, अर्थात. तेलकट मॅफवर हेच गणित मला आधी भलतंच काही सांगत होतं.

मॅप करायला मग पूर्ण दिवस गेला. तो विनओएलएसमध्ये (तक्ते बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तक्ता उघडायचा, दोन-चार घरं बदलायचा, भरायचा, एक ओढ घ्यायची, लॉग बघायचा, चहा घ्यायचा, पुन्हा. हवेचे आणि टॉर्कचे तक्ते त्याने जोडीने हलवले. बूस्ट मधे 1.2 बारपर्यंत चढू दिला आणि वर 0.8 पर्यंत उतरवत आणला, कारण के03एस हा टर्बो छोटा आहे, वरच्या आरपीएमला त्याला पिळलं तर नुसती गरम हवा मिळते. टायमिंग 95 ऑक्टेनवर बसवलं. शंभरचं पेट्रोल लिटरला दीडशेच्या वर आहे आणि ते वाळूज ते पुणे प्रत्येक पंपावर मिळत नाही. टॉर्कला 300 न्यूटन मीटरची लगाम घातली. मी कुरकुर केली तर म्हणाला, "दादा, कनेक्टिंग रॉड कंपनीचे आहेत. क्लच पण." मी डाय-मेकर आहे, वाकलेला रॉड कसा दिसतो ते मला सांगावं लागत नाही. गप्प बसलो.

संध्याकाळी चाकावर 161. लॉगमध्ये 159 ग्रॅम, म्हणजे इंजिनला जवळजवळ दोनशे. विसाव्या ब्लॉकमध्ये 2.3, 0, 1.5, 0. निघताना त्याने एक पेनड्राइव्ह हातात दिला: मूळ फाइल, आजची फाइल, दिवसभराचे सगळे लॉग. कुलूप नाही. मी विचारलं, "उद्या मी ही दुसऱ्याकडे नेली तर?" तो म्हणाला, "न्या की. गाडी तुमची आहे." तो पेनड्राइव्ह आता आरसी बुकाबरोबर कपाटात आहे.

परवा सहज म्हणून बत्तीसचा ब्लॉक बघितला. दुसरा आकडा दोनावरून सहावर. पोटात गोळा आला, पुन्हा होज, पुन्हा मॅफ. फोटो काढून पोराला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं. "मॅफ नाही दादा, पेट्रोल आहे. आपण मॅप केला तेव्हा तुमच्या टाकीत दहा टक्के इथेनॉल होतं, आता वीस आहे. त्याला तेवढ्याच हवेत चारेक टक्के पेट्रोल जास्त लागतं, ईसीयू बरोबर करतोय." मी सुटकेचा श्वास टाकला. खाली आणखी एक ओळ आली. "जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. इंजिनजवळचे रबराचे फ्युएल होज कधी बदललेत?"

कधीच नाही. रविवारी गाडी पुन्हा जॅकवर.