लोणचं, टेन्शन आणि वारेची करामत
आठव्या महिन्यात चेकअपला गेले तेव्हा नर्सताईंनी दंडाला पट्टा बांधला, सोडला, परत बांधला, मग दुसरं मशीन मागवलं, तेव्हाच पोटात गोळा आला. बीपी १५६/१०४. लघवीत प्रोटीन टू प्लस. निदान प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाण्याचा आजार. आदल्या रात्री अंगठी निघेना म्हणून साबण लावून काढली होती, पण उन्हाळा आहे, सुजतात बोटं, म्हणून सोडून दिलं होतं.

मग घरात तपास सुरू. सासूबाईंच्या मते लोणचं, आईच्या मते ऑफिसचं टेन्शन, आणि मी आपली रात्री पडल्या पडल्या आठवत बसायचे की कुठल्या दिवशी काय खाल्लं. लेक ३५व्या आठवड्यात सिझरने झाली, दोघी ठणठणीत आहोत, पण ते "माझंच काहीतरी चुकलं" काही डोक्यातून जाईना, शेवटी वाचायला बसले.

तर मुळात हा आजार वारेपासून, म्हणजे प्लासेंटापासून, सुरू होतो. बाळाची पण गरज नाही! द्राक्षगर्भात बाळ नसतं, नुसती वारेसारखी वाढ असते, तरी हा होतो. नॉर्मली पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या चांगल्या रुंद करतात. इथे त्या अरुंदच राहतात, वारेला रक्त कमी पडतं. म्हणजे मी लोणच्याची फोड उचलली त्याच्या कितीतरी आधी हे ठरलेलं.

पण वार पोटात, मग बीपी आणि किडनी का बिघडते? हे २००३ मध्ये बोस्टनला अनंत करुमंची नावाच्या किडनीच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या टीमने दाखवलं (मद्रासला शिकलेले, आपल्याला उगाच बरं वाटतं). आजारी बायकांच्या वारेत एसफ्लिट-१ नावाचं प्रोटीन खूप जास्त सापडलं. ते रक्तात फिरतं आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर नीट ठेवणारी जी प्रोटीन्स असतात ती वाटेतच पकडून ठेवतं. मग त्यांनी हे उंदरांना देऊन बघितलं आणि बीपी वाढलं, लघवीत प्रोटीन आलं, गाभण नसलेल्या उंदरांत सुद्धा! वाचताना मी चहा विसरले, साय धरली त्यावर.

आणि त्याआधी काय काय झालंय, १९८३ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी या आजारामागे चक्क जंत सापडला म्हणून पेपर छापला होता, नंतर कळलं की तो जंत म्हणजे स्लाइड रंगवतानाचा कचरा. त्यापुढे आमच्या सासूबाईंचं लोणचं परवडलं.

वार मुळात नीट का रुजत नाही, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. पण थोडं हाताला लागलंय. २०१७ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये जास्त धोका असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, तर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. (मनाने घेऊ नका बायांनो, डॉक्टरांना विचारा.)

धाकट्या बहिणीला आता चौदावा आठवडा आहे. माझी हिस्टरी आणि तिचे रिपोर्ट बघून तिच्या डॉक्टरांनी तीच गोळी सुरू केलीय, रोज रात्री दहाला तिचा मेसेज येतो, "घेतली गं." आणि काल सासूबाईंनी तिच्यासाठी कैरीच्या लोणच्याची बरणी भरून दिली, वर म्हणाल्या, डोहाळे आहेत, खाऊ दे.