आमची वाटचाल : सोफा आधी उलटा करा

सांगलीत मारुती रोडच्या मागच्या बोळात आमचं दुकान आहे. ‘जुन्या सोफ्याला नवं कापड लावणारे’ अशी लोक आमची ओळख देतात. मला ती कधीच पुरेशी वाटली नाही. कापड हे आमच्या कामातलं शेवटचं काम. त्याआधीचं कुणाला दिसत नाही, आणि माझं भांडण सगळं तिथलंच आहे.

सुरुवात चाचांमुळे झाली. त्यांच्या घरात पिढीजात पिंजणकाम. फोम आला, कापसाची गिऱ्हाइकं आटली, तेव्हा ते ट्रक-टेम्पोची सीटं शिवायला लागले. मी त्यांच्या हाताखाली चुका, म्हणजे कापड ठोकायचे बारीक खिळे, वेचायला होतो. १९९८ साली दोघांनी मिळून दहा बाय बाराचा गाळा घेतला. भांडवल म्हणजे त्यांची शिलाई मशीन, दोन दाभणं, एक वाकडी सुई, चुका उपटायची पटाशी आणि लोहचुंबकाची हातोडी. चाचा काळ्या चुका तोंडात धरायचे. जिभेनं एकेक पुढे सरकवायची, हातोडीच्या तोंडाला चिकटवायची, ठोकायची. दुसरा हात कापड ताणून धरायला मोकळा. आता कॉम्प्रेसर आहे, स्टेपल गन आहे, तरी शिसवी खुर्चीच्या कडेला मी अजून तीच हातोडी घेतो.

चाचांचा नियम एकच. सोफा दुकानात आला की, “बाळा, आधी उलटा कर.” खालचं अस्तर फाडायचं, स्प्रिंगांखालचे पट्टे बघायचे, स्प्रिंगची सुतळी ओढून बघायची, सांधे हलवायचे. मग कापडाचं बोलायचं.

पुढची वीस वर्षं कामात गेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये दुकानात लोकांचे अकरा सेट होते. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. तिच्या दोन फूट वर फळ्या टाकून आम्ही सगळं चढवलं आणि निर्धास्त झालो. कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. खूण बुडाली, फळ्याही बुडाल्या. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा फोम उचलवत नव्हता, इतकं पाणी प्यायला होता. भुश्याच्या बोर्डाचे सांगाडे फुगून हातात तुकड्यांनी येत होते. मशीनची मोटर गाळानं भरलेली. सागवानी सांगाडे तेवढे शाबूत.

त्याच आठवड्यात स्टेशनच्या बाजूला एकानं बोर्ड लावला, ‘पुरातला सोफा २४ तासांत नवा’. नाव लिहीत नाही. आमच्याकडेच चार वर्षं शिकलेला पोरगा. ओला फोम तसाच ठेवून वरून रेक्झिन ताणायचं, कडेनं पिना मारायच्या, टेम्पोत घालायचं. रेक्झिनमधून ओल बाहेर निघत नाही, आतल्या आत कुजते. आम्ही गिऱ्हाइकाला तीन आठवडे सांगायचो, तो दुसऱ्या दिवशी घरपोच द्यायचा. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं माझ्यासमोरून तिकडे गेली. त्यांना मी दोष देत नाही, घरात टेकायला जागा नव्हती. त्याला देतो. त्याला माहीत होतं, कारण चाचांनीच त्याला शिकवलं होतं. दिवाळीपर्यंत आमच्याकडे चार कामं आली. गाळा विकायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

बुडालेल्यांत विश्रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा सेट होता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. मी भरपाईचं बोलायला लागलो, तर बाई म्हणाल्या, “लाकूड आहे ना? मग घाई करू नका.” आणि कापडासाठी पाच हजार हातावर ठेवून गेल्या. त्या दिवसांत दुकानात आलेला तेवढाच पैसा.

तो सेट आम्ही सावलीत वाळवला. उन्हात टाकला असता तर साग तडकला असता. सांधे सोडून पुन्हा चिकटवले. गंजलेल्या स्प्रिंगा बदलल्या, एकेकीला आठ दिशांनी सुतळी बांधली, वर गोणपाट, त्यावर काथ्या. बैठकीला ४० डेन्सिटीचा, म्हणजे जास्त घनतेचा फोम, पाठीला ३२. बाईंनी निळ्या पट्ट्यांचं जाड सुती कापड निवडलं. पट्टा पाठीवरून बैठकीवर आणि तिथून पुढच्या कडेला एका ओळीत उतरला पाहिजे, म्हणून कापड दोन मीटर जास्त लागलं. पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल कड, तिरप्या कापातलं. चाचांनी दाभण हातात घेऊन केलेलं ते शेवटचं मोठं काम.

इथं एक सांगून ठेवतो. कारागिरानं सोफा न उघडता भाव सांगितला तर त्याला काम देऊ नका. डेन्सिटी बिलावर लिहून घ्या. आणि मखमल घेणार असाल तर लव वरून खाली बसलेली हवी, हात फिरवून बघा.

संक्रांतीनंतर ते रेक्झिनचे सोफे आमच्या दारात यायला लागले. आतला फोम काळा पडलेला, पिना गंजलेल्या. मी प्रत्येक सोफा मालकासमोरच उघडला, वास त्यांनाही घेऊ दिला. तरी आजही कुणी म्हणतं, पुरात त्या पोरानं गावाला सावरलं. ते मला झोंबतं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढायला लागलं. पहाटे बाईंचा फोन आला, “हॉल रिकामा केलाय. टेम्पो भरा.” नऊ सेट आम्ही त्यांच्याकडे नेले. छतापर्यंत रचलेल्या सोफ्यांमुळे तीन आठवडे त्यांना हॉलमधली खिडकी उघडता आली नाही. बाई निळ्या पट्ट्यांची एक खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन तिथंच पेपर वाचायच्या.