शून्य सावलीची वाट पाहू नका, डिसेंबरची सावली मोजा

दरवर्षी मे महिना आला की शून्य सावली दिवसाच्या, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या दिवसाच्या, बातम्या सुरू होतात. गावोगावच्या तारखांचे तक्ते फिरतात आणि शिक्षकांच्या गटांत ‘आपल्याकडे १३ की १४?’ यावर चर्चा रंगते. उपक्रम सुंदर आहे, यात वाद नाही. पण महाराष्ट्रातल्या शाळांसाठी त्याची वेळच गैरसोयीची. सूर्य सावंतवाडीपासून धुळ्यापर्यंत डोक्यावरून जातो तो मे महिन्यात, म्हणजे भर सुट्टीत. दक्षिणेकडे परतताना तो जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा डोक्यावर येतो, तेव्हा आभाळ भरलेलं असतं. शिवाय त्या दिवशी मोजायचं काय? सावली नाही, म्हणजे आकडाही नाही. बाटलीचा फोटो निघतो आणि कार्यक्रम संपतो.

तारखेच्या वादाचंही तेच. मेच्या मध्यावर सूर्य रोज साधारण पाव अंश उत्तरेकडे सरकतो. एक मीटर उंचीच्या काठीची सावली त्यामुळे दिवसाला जेमतेम ४ मिलिमीटर बदलते. खुद्द सूर्यबिंबाची रुंदी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त आहे. त्यामुळे एक दिवस अलीकडे की पलीकडे, हे साध्या काठीने ठरवताच येत नाही.

त्याऐवजी दोन गावांतल्या शाळांनी जोडीने माध्यान्हीची सावली मोजावी आणि त्यातून पृथ्वीचा परीघ काढावा. त्यासाठी १७ ते २७ डिसेंबर हा काळ धरा. शाळा चालू असतात, आकाश बहुधा निरभ्र असतं, दुपारची सावली चांगली लांब पडते. सर्वांत मोठी सोय म्हणजे या दहा दिवसांत सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर, जेमतेम दशांश अंशाने बदलते. २२ डिसेंबरच्या सुमारास ती दक्षिणेकडे २३.४ अंश असते. दोन गावांतल्या शाळांना एकाच दिवशी मोजायला जमलं नाही, तरी बिघडत नाही. मार्चच्या विषुवदिनाला हीच क्रांती दिवसाला ०.४ अंशाने बदलते. तेव्हा एका शाळेवर ढग आला की दोघींचंही मुसळ केरात.

प्रयोग एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाचाच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने इजिप्तमधल्या सायीन आणि आलेक्झांड्रिया या दोन ठिकाणच्या सूर्यकोनांतला फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश, धरून पृथ्वीचा परीघ काढला. त्यासाठी एका गावात सावली शून्यच असायला हवी, असा समज पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे होतो. तशी गरज नाही. सूर्यकिरण समांतर येतात, त्यामुळे दोन्ही गावांतल्या माध्यान्हकोनांची (माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावरून किती अंश कललेला असतो, तो कोन) वजाबाकी केली की झालं. ती वजाबाकी म्हणजेच पृथ्वीच्या केंद्राशी त्या दोन गावांमधला दक्षिणोत्तर कोन.

जोडीची गावं दक्षिणोत्तर जितकी लांब तितकं चांगलं, आणि शक्यतो एकाच रेखांशावर. या बाबतीत आपलं नशीब थोर आहे. पणजी आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत: पणजी ७३.८३ अंश पूर्व, नाशिक ७३.७९. अक्षांश १५.५ आणि २०. म्हणजे फरक साडेचार अंश. एक मीटर उंचीवरून मोजलं तर २२ डिसेंबरला पणजीत माध्यान्ही सावली सुमारे ८०.८ सेंटिमीटर पडायला हवी, नाशिकला सुमारे ९४.७. गोव्यातल्या शाळांना नाताळची सुट्टी लागते, म्हणून पणजीकडच्यांनी आपलं मोजमाप त्याआधीच उरकून घ्यावं. पणजीची शाळा मिळाली नाही तर कोल्हापूर-नाशिक ही जोडीही चालेल, तिथे फरक ३.३ अंशांचा.

आता मोजमापाकडे. नेहमीची पद्धत म्हणजे पटांगणात काठी रोवायची आणि सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. इथेच बहुतेक प्रयोग फसतात, कारण सावलीला टोक नसतंच. सूर्य बिंदू नाही, बिंब आहे. त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीचं टोक डिसेंबरमध्ये दीड-पावणेदोन सेंटिमीटर लांबीच्या धूसर पट्ट्यात विरघळलेलं असतं. चार मुलं चार ठिकाणी खूण करतात आणि चौघांचंही बरोबर असतं. काठी लांब घेऊन फायदा नाही, धूसर पट्टाही त्याच प्रमाणात वाढतो.

यावर उपाय छिद्राचा. साधारण १५ सेंटिमीटर चौरस काळा पुठ्ठा घ्या आणि मधोमध ४ मिलिमीटरचं गोल छिद्र पाडा. ऑफिसच्या पंचिंग मशीनचं छिद्र सुमारे ६ मिलिमीटरचं असतं, तेही चालतं, फक्त बिंब थोडं पसरट दिसतं. हा पुठ्ठा लाकडी पट्टीच्या टोकाला आडवा चिकटवा आणि पट्टी बाकावर किंवा टेबलावर अशी बांधा, की छिद्र जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर येईल. जमिनीवर पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याची छोटी लंबगोल प्रतिमा उमटते, रुंदी सुमारे दीड सेंटिमीटर, लांबी दोनच्या आसपास. तिचा मध्य डोळ्याने एक-दोन मिलिमीटरपर्यंत सहज पकडता येतो. बाक छिद्राच्या उत्तरेला ठेवू नका. दुपारची सावली उत्तरेकडे पडते, म्हणजे छिद्रातून येणारा प्रकाश जमिनीवर पोचण्याआधी बाकावरच अडेल. बाकी कोणत्याही बाजूला चालेल. आणि छिद्रातून वर सूर्याकडे कुणीही पाहायचं नाही. हे सुरुवातीलाच बजावून ठेवा, कारण एखादा तरी वाकून बघतोच.

छिद्र वापरल्यावर काठी सरळ उभी आहे की नाही ही चिंताही मिटते. छिद्राच्या काठाला दोरा बांधून ओळंबा सोडा, खाली एखादं जड नट-बोल्ट. तो जिथे टेकेल तो तुमचा शून्यबिंदू. छिद्राची उंची आणि सावलीची लांबी, दोन्ही तिथूनच मोजायची. वाऱ्याने ओळंबा डुलत असेल तर बोल्ट पाण्याच्या मगात बुडवा, लगेच शांत होतो. बोल्ट शांत झाला की पाण्याचा मग अलगद बाजूला काढा आणि बिंदूची खूण करा.

सगळ्यात लबाड चूक जमिनीच्या उताराची. शाळेच्या गच्चीला पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो, पटांगणालाही असतो. उत्तरेकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार असेल तर कोनात सुमारे पाव अंशाची चूक येते. नुसत्या डोळ्यांना तो उतार दिसत नाही. म्हणून प्लायवुडचा तुकडा घ्या, त्यावर गवंड्याची स्पिरिट लेव्हल दक्षिणोत्तर आणि पूर्व-पश्चिम अशी दोन्ही बाजूंनी ठेवा आणि खाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून तो समतल करा. शून्यबिंदूसुद्धा याच प्लायवर आला पाहिजे, एक बिंदू फरशीवर आणि दुसरा प्लायवर असं नको. प्लाय समतल झाल्यावर छिद्राची उंची प्लायच्या पृष्ठभागापासून पुन्हा मोजा. मघाचे १०० सेंटिमीटर आता ९८.८ झालेले असतील. आकडा पूर्ण असण्याची गरज नाही, खरा असण्याची आहे.

वेळ. ‘बारा वाजता सूर्य डोक्यावर’ हे घड्याळाच्या बाबतीत खरं नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि प्रत्येक अंश पश्चिमेला गेलं की माध्यान्ह ४ मिनिटांनी लांबते. २२ डिसेंबरला पणजी आणि नाशिक या दोन्ही ठिकाणी माध्यान्ह साधारण १२ वाजून ३३ मिनिटांनी होते, नागपुरात १२ वाजून १२ मिनिटांनी. नाशिकला कुणी बरोबर बाराच्या ठोक्याला मोजलं तर सावली सुमारे अडीच सेंटिमीटर जास्त भरेल, म्हणजे पाऊण अंशाची चूक. उलट माध्यान्हीच्या दहा मिनिटं आधी किंवा नंतर फरक फक्त दोन मिलिमीटरचा. तेव्हा सेकंदाचा आटापिटा नको. प्लायवर ड्रॉइंग पेपर चिकटवून १२ ते १ वाजून ५ मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी प्रतिमेच्या मध्यावर टोकदार पेन्सिलीने ठिपका द्या आणि शेजारी वेळ लिहा. ठिपके पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातात आणि त्यांची एक वक्ररेषा बनते. शून्यबिंदूपासून तिचं सर्वांत कमी अंतर ही तुमची माध्यान्हसावली. मधले एक-दोन ठिपके ढगाने खाल्ले तरी वक्ररेषा वाचवते. आणि शून्यबिंदूपासून त्या सर्वांत जवळच्या ठिकाणाकडे जाणारी रेषा म्हणजे खरी उत्तर. तिच्याशेजारी होकायंत्र ठेवून पाहा. पटांगणात लोखंडी खांब किंवा बाकाचे पाय जवळ असतील तर होकायंत्र कसं भरकटतं, हे मुलांना आपोआप कळतं.

हिशेब छोटा आहे. सावलीची लांबी भागिले छिद्राची उंची, आणि त्याचं टॅन इन्व्हर्स. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की हे बटण दिसतं. उत्तर ०.७५ वगैरे आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, तो डिग्रीवर घ्या. आठवीतल्या मुलांकडून प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने मोजून घ्यावं असं वाटेल, पण कोनमापकात अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि साडेचार अंशांत अर्धा अंश म्हणजे जवळजवळ नववा हिस्सा गेला. टॅन शिकवलं नसेल तरी बटण वापरू द्या. का ते दहावीत कळेल.

नाशिक ४३.४, पणजी ३८.९, फरक साडेचार अंश. दोन गावांतलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ५०० किलोमीटर. ३६० भागिले ४.५ म्हणजे ८०, गुणिले ५००, आले ४०,००० किलोमीटर. आकडे जुळवून घेतल्यासारखे वाटतात, पण भूगोलच तसा आहे. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. प्रत्यक्षात मुलांना इतकं गोंडस उत्तर मिळणार नाही आणि मिळालं तर वही तपासा. एका सेंटिमीटरची चूक नाशिकच्या कोनात ०.३ अंश घालते, तेवढ्यावर परीघ ३७,५०० किंवा ४२,९०० होतो. ३८ ते ४२ हजारांच्या मध्ये आलं तर मोजमाप उत्तम झालं म्हणायचं.

अंतर कुठून घ्यायचं, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. रस्त्याचं अंतर घेतलं तर घाट-वळणांसकट परीघ फुगतो. काहीजण अक्षांशांच्या फरकाला १११ ने गुणून अंतर काढतात. ती तर सरळसरळ फसवणूक, कारण १११ हा आकडाच पृथ्वीच्या परिघातून आलेला आहे. उत्तर आधीच खिशात घालून मोजायला निघण्यासारखं. नकाशाची प्रमाणपट्टी वापरा. एका सेंटिमीटरला २५ किलोमीटर असं प्रमाण असलेल्या नकाशावर पणजी-नाशिक सरळ रेषेत सुमारे २० सेंटिमीटर भरेल.

जोडीदार शाळा मिळालीच नाही तर स्वतःच्या कोनातून २३.४ वजा करा, गावाचा अक्षांश मिळतो. पुण्यात कोन ४२ च्या आसपास आला पाहिजे, म्हणजे अक्षांश साडेअठराच्या जवळ. पडताळणीसाठी स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. पण ते ठिपके मारून झाल्यावरच उघडा, आधी उघडलं तर ठिपके आपोआप ‘बरोबर’ पडायला लागतात.

ही वही पुढे उपयोगी पडते. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळांचे प्रकल्पही असतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तिथे आहेत. मुलांना तिथे नेणार असाल तर मोबाइल बंद ठेवण्याच्या सूचना मनापासून पाळा, ती दुर्बीण रेडिओलहरीच ऐकते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रातली मुक्तांगण विज्ञान शोधिकाही शाळांसाठीच आहे.

नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा युविका हा निवासी कार्यक्रम २०१९ पासून आहे. निवडीत आठवीचे गुण धरतात आणि ग्रामीण भागातल्या शाळांना झुकतं माप मिळतं. अर्ज वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत निघतात, म्हणून जानेवारीपासूनच इस्रोचं संकेतस्थळ पाहत राहा आणि प्रमाणपत्रं स्कॅन करून ठेवा. खगोल ऑलिंपियाडची वाट गणिताची आवड असलेल्यांची. पहिली परीक्षा नोव्हेंबरच्या सुमारास होते, शेवटचं शिबिर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. ज्याला तारे आवडतात पण त्रिकोणमिती नको, त्याला तिकडे ढकलू नये.

लघुग्रह शोधमोहिमेबद्दल मात्र थोडं सावध बोलावं लागेल. इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशनची ही मोहीम मोफत आहे. कुणी नोंदणीचे पैसे मागत असेल तर ते मधल्याचे, मोहिमेचे नाहीत. विंडोजवर चालणारं अ‍ॅस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर लागतं, त्यामुळे नुसत्या मोबाइलवर भागत नाही. आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या-थोड्या वेळाने घेतलेली चार चित्रं एकामागोमाग दाखवली की स्थिर तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रह सरकतो. तो सरळ रेषेत आणि ठरावीक वेगाने सरकला पाहिजे, चारही चित्रांत तेजही जवळपास सारखं हवं. मुलं घाईत कॅमेऱ्याचे दोष आणि गोंगाट लघुग्रह म्हणून पाठवतात, मग अहवाल फेटाळला जातो. शाळेला प्राथमिक नोंदीचं प्रमाणपत्र आलं की ‘विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ असं वर्तमानपत्रात देऊ नका. कक्षा निश्चित होऊन अधिकृत क्रमांक मिळायला अनेक वर्षं लागतात आणि पुष्कळ प्राथमिक नोंदी तिथवर पोचतच नाहीत.