मामांच्या ट्रॉलरवरची फाइल

मालवणच्या बंदरात माझ्या मामांचा ट्रॉलर आहे. गेल्या पावसाळ्यात, मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना तिच्यावरचे जीपीएस यंत्र कायमचे बंद पडले. त्यात साठवलेल्या सुमारे दोनशे खुणा, म्हणजे मासळीच्या जागा, खडक आणि जाळे अडकण्याची ठिकाणे, एका मेमरी कार्डावर एकाच फाइलमध्ये उतरवलेल्या होत्या. नवे यंत्र दुसऱ्या बनावटीचे असल्यामुळे त्याला ती फाइल वाचता येईना. फाइलच्या रचनेचे वर्णन मला कुठेही मिळाले नाही, तेव्हा ती स्वतःच उलगडायची असे ठरवून मी मूळ फाइलची प्रत काढली आणि केवळ त्या प्रतीवर काम सुरू केले.

फाइल 10,308 बाइटची होती. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट सोळा-आधारी (हेक्स) आकड्यांत आणि शेजारी अक्षरांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडल्यावर उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात खुणांची रोमन नावे ठरावीक अंतराने दिसत होती आणि कोणतीही दोन लागोपाठची नावे 48 बाइट अंतरावर होती. सुरुवातीचे 32 बाइट आणि शेवटचे 4 बाइट बाजूला ठेवले की 10,272 उरतात, म्हणजे 48 बाइटच्या बरोबर 214 नोंदी. इथपर्यंतचे काम तासाभरात झाले.

खरी अडचण अक्षांश-रेखांशांची होती. प्रत्येक नोंदीत एकाच जागी '4' हा आकडा दिसत असे, मात्र 19 नोंदींत त्या जागी '3' होता. तो खुणेचा प्रकार असावा, असे समजून मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या. अखेर मामांच्या जुन्या वहीत हाताने लिहिलेल्या सहा जागा सापडल्या, त्यांपैकी एकीचा रेखांश 73 अंश 26.391 मिनिटे होता. त्याच नावाच्या नोंदीत 20 51 39 34 असे चार बाइट होते. ते डावीकडून वाचून काहीच निष्पन्न होईना, पण उलट क्रमाने, म्हणजे 34 39 51 20 असे वाचल्यावर दशमान पद्धतीत 87,61,71,552 ही संख्या मिळाली. तिला 180 ने गुणून दोनच्या एकतिसाव्या घाताने भागले, तेव्हा 73.43985 अंश हे उत्तर आले, आणि .43985 अंशाची मिनिटे केल्यावर वहीतला आकडा जुळला.

मग त्या '4' चा उलगडा झाला. या पद्धतीत पूर्ण वर्तुळाचे 256 भाग पडतात आणि सर्वांत वरचा बाइट त्यांतला भाग सांगतो. हेक्समधले 34 म्हणजे 52, आणि तो भाग 73.125 अंशांपासून सुरू होतो. अक्षरांच्या रकान्यात हाच बाइट '4' असा दिसतो. ज्या नोंदींत '3' होता त्या या रेषेच्या पश्चिमेकडच्या, मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारे 37 किलोमीटरहून दूरच्या होत्या. किनारा आणि खोल समुद्र यांतला फरक एका आकड्यात उमटलेला पाहून मला फार आनंद झाला.

त्यापुढचे चार बाइट वेळेचे असावेत, असे वाटत होते. 1970 पासूनचे सेकंद समजून वाचले तर साले 1996 च्या आसपासची येत, आणि मामांनी तर ते यंत्र 2014 मध्ये घेतले होते. तरीही तो रकाना मी सोडला नाही, कारण त्यातली एकही तारीख जून-जुलैची नव्हती. बंदीच्या महिन्यांत नौका समुद्रात जातच नाही. म्हणजे रकाना वेळेचाच होता आणि फक्त मोजणीचा आरंभ चुकत होता. 6 जानेवारी 1980 या जीपीएसच्या आरंभापासून मोजूनही साले दहा वर्षे मागेच राहिली. 31 डिसेंबर 1989 पासून मोजल्यावर ती जुळली. त्यात साडेपाच तास मिळवल्यावर बहुतेक नोंदी पहाटेच्या निघाल्या.

खोली सेंटिमीटरमध्ये होती. मामा जिला नऊ वाव म्हणतात त्या जागेची नोंद 1646 होती, आणि सहा फुटांच्या वावाने नऊ वाव म्हणजे तेवढेच होतात.

एक बाइट मात्र मला शेवटपर्यंत कळेना. त्यात 2, 5 आणि 7 एवढेच आकडे येत. मी 5 असलेल्या 41 नावांची यादी काढून मामांना वाचून दाखवली. त्यांनी निम्म्यातच मला थांबवले आणि म्हणाले, "ही सगळी जाळा फाडणारी ठिकाणा." नव्या यंत्रासाठी जीपीएक्स फाइल (जीपीएसच्या खुणा एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्याची सर्वसाधारण रचना) तयार करताना त्या 41 जागांच्या नावांपुढे मी एक खूण जोडली. बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत मामांनी नौका त्यांतल्या एका जागेजवळ नेली, जाळे न सोडता खोलीमापकाच्या पडद्यावर खडकाचा उंचवटा दिसेपर्यंत ते थांबले आणि मग नौका उत्तरेकडे वळवली.