आमची वाटचाल : मोडीत निघालेल्या मशीनचं पुढे काय होतं

आमचा मूळ धंदा जॉबवर्कचा, म्हणजे गिऱ्हाईक सांगेल तो भाग घडवून किंवा दुरुस्त करून देण्याचा. शाफ्ट टर्निंग (दांडा लेथवर फिरवून मापात कातणं), की-वे पाडणं (चाक दांड्यावर जखडणारी चावी बसायची खाच), झिजलेल्या बेअरिंगच्या जागा भरून पुन्हा मापात आणणं, अशी कामं. असल्या वर्कशॉपच्या आवारात एक कोपरा न मागता भरत जातो. कुणी दुरुस्तीला दिलेलं आणि परत न नेलेलं, कुणी "ठेवा, नंतर बघू" म्हणून टाकून गेलेलं. आमच्या त्या कोपऱ्यात जुन्या ऑइल इंजिनाचं एक फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं जड चाक, पडून होतं. भंगारवाला ते न्यायला तयार होता, पण फोडून. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ असतं. घणाचे घाव नेमके बसले की एवढ्या मोठ्या चाकाचेही तुकडे होतात आणि तुकडे भट्टीत मावतात. व्यवहार म्हणून त्यात वावगं काही नव्हतं. पण ज्यांची हयात असे भाग मापात आणण्यात गेली त्या आमच्या हेड टर्नरना ते पटेना, आणि खरं तर मलाही. त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाला ऑफिसच्या स्वागतकक्षासाठी "काहीतरी वेगळं" टेबल हवं होतं. आमच्या धंद्याला दुसरा फाटा फुटला तो असा.

लोकांना वाटतं, यात अवघड असते ती कल्पना. कल्पना चहा संपायच्या आत सुचते: चाक आडवं टाका, वर काच ठेवा. अवघड असतं ते वजन. बाहेरचा व्यास १.२ मीटर, आतला १ मीटर आणि रुंदी १५ सेंटिमीटर अशी रिम, म्हणजे चाकाची बाहेरची कडी, धरा. बिडाची घनता घनमीटरला साधारण ७,२०० किलो. म्हणजे नुसती रिमच ३७० किलोच्या वर जाते. आरे आणि मधला हब अजून मोजलेच नाहीत. घरांचे मजले साधारणपणे चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापरभार धरून आखलेले असतात. त्यामुळे चाक वरच्या मजल्यावर जाणार असेल तर आम्ही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अभिप्राय मागतो, मग पुढचं बोलतो. काही गिऱ्हाइकं इथेच गळतात. गळू द्यावीत.

हलवण्याचंही एक शास्त्र आहे. चाक उभं करून गडगडवत न्यायचं नाही, कारण तोल गेल्यावर ते धरणारा माणूस जन्माला यायचा आहे. आडवंच उचलायचं, तीन आऱ्यांतून बेल्टच्या स्लिंग घेऊन. साखळीने कडेवर ओरखडे पडतात आणि बिडावर ती घसरतेही.

त्या पहिल्या टेबलाच्या वेळी पायाची चौकट थेट चाकाला वेल्ड करावी असं सगळ्यांचं मत होतं. हेड टर्नर तेवढे नाही म्हणाले. बिडात कार्बन २ ते ४ टक्के. वेल्डिंगच्या कडेचा पट्टा थंड होताना काचेसारखा कडक होतो आणि तडकतो. आधी भाग तापवून, निकेलची रॉड वापरून, मग सावकाश गार करून हे काम जमतं, पण ते दुरुस्तीसाठी ठीक. टेबलासाठी एवढी उठाठेव कशाला? त्यांनी हबच्या बोअरचं, म्हणजे मधल्या भोकाचं, माप घेतलं, त्यात सरकून बसेल असा शाफ्टचा तुकडा लेथवर काढला आणि त्याला खाली रुंद फ्लँज, म्हणजे बसकी चकती, दिली. चाक त्यावर आपल्याच वजनाने बसलं. जुन्या की-वेत नवी चावी ठोकली, की फिरायचं नाव नाही. अख्ख्या चाकाला एकही नवं भोक पडलं नाही.

पुढे तोच आमचा कायदा झाला. भागात जी भोकं, खाचा, आटे मुळात आहेत त्यांतच जोडणी बसवायची. उद्या कुणाला टेबल नको झालं तर पाने घेऊन अर्ध्या तासात चाक पुन्हा चाक झालं पाहिजे.

त्या चाकाचे आरे सरळ नव्हते, इंग्रजी एस अक्षरासारखे वळणदार होते. पाहणाऱ्यांना ती नक्षी वाटते. मुळात ती ओतकामाची गरज आहे. साच्यात रिम, आरे आणि हब एका वेगाने थंड होत नाहीत, आणि आकसताना सरळ आऱ्यावर ताण येऊन तो तडकू शकतो. वाकडा आरा तेवढं लवतो. ही गोष्ट ज्याला कळली तो त्या आऱ्यांवर रंगीत एलईडी पट्टी लावा म्हणून सांगणार नाही. (सांगतात तरीही.)

या बाबतीत आम्हाला वाट दाखवणारं एक उदाहरण फार जुनं आहे. आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या इटालियन भावांनी १९५७ मध्ये ट्रॅक्टरची सीट वाकवलेल्या पोलादी पट्टीवर बसवून 'मेझाद्रो' नावाचं स्टूल केलं. सीट सीटच राहिली, लपवली नाही, सजवली नाही. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या पोरांना मी आधी त्याचा फोटो दाखवतो.

टेबलानंतर इतर भाग यायला लागले. मोठ्या गिअरच्या रिममध्ये आरसा बसतो, पण दाते मोकळे दिसले पाहिजेत आणि भिंत नुसत्या विटांची असेल तर मागे जमिनीपर्यंत उतरणारी फ्रेम हवी. जुन्या लेथचे बिडाचे पाय म्हणजे तयार डेस्क. वर जाड फळी आली की संपलं. पट्ट्याच्या लाकडी पुल्या हलक्या असल्याने छताला दिव्यांसाठी टांगता येतात. गिअरबॉक्सच्या रिकाम्या हाउसिंगला तेल काढायचं भोक असतंच, त्यामुळे झाडाच्या कुंडीसाठी पाणी निचऱ्याची सोय फुकटात मिळते, फक्त आतलं तेल शेवटच्या थेंबापर्यंत निघायला हवं. मला स्वतःला सर्वांत आवडतात ते फाउंड्रीतले लाकडी पॅटर्न. ज्यावरून साचा घेतात तो हा मूळ आकार, बीड आकसतं म्हणून मापाने किंचित मोठा केलेला. भिंतीवर लावायला यापेक्षा देखणी वस्तू नाही आणि वजन दोघांनी उचलण्याइतकंच. गिअरची घड्याळं मात्र आम्ही जवळजवळ बंद केली. सगळेच करतात, आणि न फिरणाऱ्या चाकांवर फिरणारे काटे मला बघवत नाहीत.

भाग आला की आधी तो कशाचा आहे ते ठरवायचं. ड्रिल लावल्यावर बिडाचा काळसर भुगा पडतो, पोलादाची लांब वळी निघते. बिडात ग्राफाइट असतं, म्हणून कूलंटशिवायही ड्रिल चालतं आणि बोटं पेन्सिल घासल्यासारखी होतात. आमच्या कायद्यामुळे ही चाचणी आम्ही आतल्या, न दिसणाऱ्या जागी टोकरूनच करतो. शिवाय भाग टांगून हातोडीने हलकेच वाजवायचा. अखंड असेल तर आवाज घुमतो, तडा असेल तर बद्द येतो. तडकलेला भाग भार घेणाऱ्या कामाला लावायचा नाही, मग तो कितीही सुंदर असो.

साफसफाईत घाई करणारे जास्त नुकसान करतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं ग्राइंडिंग नाही; रंग काढायच्या जेलने मऊ करून खरवडायचा आणि ओला कचरा वेगळा ठेवायचा. गंजासाठी आमच्याकडे धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर असतो. भाग निगेटिव्हला, साध्या लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला. स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीच नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावर करायचं. शेवटी मेणाचा हात. जवसाचं तेल लावलं तर चिंध्या बोळा करून टाकू नयेत, पसरून वाळवाव्यात. त्या आपोआप पेट घेतात, ही दंतकथा नव्हे.

काही कामं आम्ही घेत नाही. बंद टाक्या, ज्यात काय भरलं होतं याचा पत्ता नाही. जुने ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर, ज्यांच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं. ॲस्बेस्टॉसचं पॅकिंग किंवा लायनिंग लागलेले भाग. आणि शेकोटीसाठी गॅल्व्हनाइज्ड पत्रा, कारण तापल्यावर जस्ताचा धूर होतो.

एक काम मात्र आम्ही पैसे न घेता करतो. भाग मूळ कामाला अजून उपयोगी पडेल का, हे आधी पाहतो. सरळ दात्यांच्या साध्या गिअरच्या दात्यांच्या संख्येत २ मिळवायचे आणि त्या बेरजेने मिलिमीटरमधल्या बाहेरच्या व्यासाला भागायचं, की मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं माप, मिळतं. ६० दाते आणि ६२० मिलिमीटर असेल तर मॉड्यूल १०. दाते धडके असतील तर जॉबवर्कमधल्या ओळखीच्या लोकांना विचारतो. कुणाची बंद पडलेली मशीन त्या गिअरने चालू होणार असेल तर आरसा काय, नंतरही होईल. आमच्या पोरांना हे सुरुवातीला रुचत नाही. त्यांना फोटो काढण्याजोगं काम हवं असतं.

आणि कधी सल्ला असतो तो भाग हलवूच नका असा. रोममधल्या एका जुन्या वीजघरात १९९७ पासून प्राचीन संगमरवरी पुतळे मांडलेले आहेत, तिथल्याच अवाढव्य डिझेल इंजिनांच्या सान्निध्यात. इंजिनं बाहेर काढायचा खटाटोप कुणी केला नाही. कारखान्याच्या जागेत ऑफिस किंवा दुकान काढणाऱ्यांना आम्ही हेच सुचवतो: पाया तोडून प्रेस काढण्यापेक्षा ती साफ करा, धार असलेल्या जागा झाका, फिरणारे भाग जागीच जखडा आणि भोवती बसायची सोय करा. अशा कामात आमचं बिल लहान होतं, पण काम चोख होतं.

आज वर्कशॉपमधला निम्मा वेळ जॉबवर्कला जातो, निम्मा या कामाला. जॉबवर्क सोडायचा विचार नाही, कारण बोअरमध्ये नेमका बसणारा शाफ्ट काढणारे हात तिथेच तयार होतात.

तुमच्याकडे असा एखादा भाग असेल तर चारही बाजूंचे फोटो पाठवा, मोजपट्टी शेजारी ठेवून. ओतीव अक्षरं किंवा नंबर असेल तर त्याचा जवळून एक. कुठे ठेवायचा आहे, कितव्या मजल्यावर, आणि दारातून व जिन्यातून किती रुंदी मिळते ते लिहा. रंग काढू नका, तेल पुसू नका. वजन अंदाजाने लिहू नका. मापं द्या, हिशेब आम्ही करतो.