रनवेवर पतंग

भाचा बर्लिनला असतो, काल व्हिडिओ कॉलवर त्यानं टेम्पेलहोफ दाखवलं. चक्क जुनं विमानतळ हो, २००८ ला बंद झालं आणि २०१० ला पार्क म्हणून खुलं केलं, सुमारे ३०० हेक्टर! रनवेवर पोरं सायकली पळवतायत, पतंग उडवतायत, डांबराच्या भेगांतून गवत वर आलेलं. कडेनं घरं बांधायचा सरकारचा प्लॅन होता पण २०१४ ला लोकांनी मतदान करून तो हाणून पाडला. आपल्याकडं असतं तर एव्हाना प्लॉट पाडून विकून झाले असते बघा. आई त्याला म्हणली, "झाडं कुठायत रे, नुसतं माळरानच की!" खरंय म्हणा, सावली फार नाहीच. तरी तिथं लोकं मुद्दाम उन्हात येऊन आडवी पडतात, इथं सोलापुरात एप्रिलात संध्याकाळी सहाच्या आधी कंबर तलावाकडं सुद्धा कोण फिरकत नाही.